नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर अर्थकारण, विज्ञान, वेदान्त अशा भारदस्त विषयांची वर्दळ असते. त्या रांगेत पाळण्यातल्या बाळाच्या नावाचा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. बारा दिवसांच्या मुलाला काय म्हणून हाक मारावयाची, हे त्या घराने ठरवावे. त्यावर सभा कशाला भरवावयाची? परंतु हा प्रश्न घरातल्या घरात सुटतोच असे नाही. आपल्या भाषेने तर याबाबत आधीच इशारा देऊन ठेवला आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे, आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. दोहोंत अंतर एका मात्रेचे. बारशाच्या घरात ही मात्रा केव्हा चढते ते कळत नाही.

ती कुठवर चढते याची दोन उदाहरणे अलीकडचीच आहेत. २०२३ साली केरळच्या उच्च न्यायालयापुढे एका लहान मुलीचे प्रकरण आले. आईबाप विभक्त झालेले. आईला एक नाव हवे, बापाला दुसरे. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा मोकळीच राहिली आणि असा दाखला शाळा घेईना. अखेर न्यायमूर्तींनी पालकत्वाचा आपला अधिकार वापरून मुलीला नाव दिले. मुलगी आईपाशी राहते म्हणून आईने सुचविलेले नाव घेतले आणि त्याला बापाचे नाव जोडले. दुसरे उदाहरण कर्नाटकातल्या हुणसूरचे, २०२४ सालचे. तिथल्या जोडप्याचे मुलाच्या नावावरून बिनसले ते इतके, की प्रकरण पोटगीपर्यंत गेले. न्यायालयाने तिसरेच नाव सुचविले, ते दोघांनाही मानवले आणि दोघांनी एकमेकांना हार घातले. हार घातले हे उत्तम झाले. पण मूल तोवर तीन वर्षांचे होत आले होते. ज्या वयात मूल आपले नाव बोबड्या बोलांनी सांगू लागते, त्या वयापर्यंत त्याचे नावच वादात होते. विषय लहान नाही, एवढे सांगावयास ही दोन प्रकरणे पुरेत.

आता आपल्या घरांकडे वळू. वादाचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. एक जण म्हणतो, आजोबांचे नाव ठेवू, नाहीतर निदान देवाचे तरी ठेवू. विनायक, माधव, रुक्मिणी, जानकी ही नावे काय वाईट आहेत? दुसरे माणूस म्हणते, ही नावे आता मुलाला शोभत नाहीत, वर्गात पोरे चिडवतील. काहीतरी छोटे, नवे, कुणाचे नसलेले नाव हवे. परदेशी नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींच्या घरी तिसरी अट येते : तिकडच्या जिभेला ते झेपले पाहिजे. नवरा जुन्याचा कैवारी आणि बायको नव्याची, असे मात्र समजू नका. पुष्कळ घरांत हे उलट असते. आपल्या वारलेल्या आईचे नाव लेकीला देऊ पाहणारी सून आम्ही पाहिली आहे, आणि 'छे, ते फार जुनाट' म्हणणारा तिचा नवराही पाहिला आहे.

जुन्याच्या कैवाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न असा, की जुने म्हणजे किती जुने? पारस्कर गृह्यसूत्रात नामकरणाचा विधी आहे. जन्मानंतर दहाव्या दिवशी बापाने नाव ठेवावे. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याचा आरंभ घोष वर्णाने व्हावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादे अक्षर यावे. मुलीच्या नावातली अक्षरे विषम असावीत आणि शेवट आकाराने व्हावा. आता या कसोटीला आपली परंपरेची नावे लावून पाहा. प, त, क, श हे वर्ण अघोष. तेव्हा पांडुरंग, तुकाराम, केशव आणि शंकर हे चौघेही पहिल्याच अक्षराला अडतात! सीता, राधा आणि गंगा समअक्षरी म्हणून नापास. ज्यांना आपण आज सनातन नावे म्हणतो, त्यांतली निम्मीशिम्मी सूत्रकारांनी परत पाठविली असती. आजची आरव आणि विहान ही नावेही तीन अक्षरी म्हणून परत गेली असती, हा भाग वेगळा.

पतंजलीच्या महाभाष्यात मात्र एक गोष्ट अशी आहे, की ती लक्षात ठेवावी. व्याकरण का शिकावे याची प्रयोजने सांगताना त्याने हाच नामकरणाचा नियम दिला आहे आणि त्यात दोन अटी अधिक आहेत. नाव वरच्या तीन पिढ्यांतल्या पुरुषांना अनुसरणारे असावे; आणि ते शत्रूच्या कुळात प्रतिष्ठा पावलेले नसावे. पहिल्या अटीत माणसाची एक फार जुनी भूक आहे. गेलेल्या माणसाला घरात पुन्हा हाक मारता यावी, ही ती भूक. पहिल्या बाजीरावाने आपल्या थोरल्या मुलाचे नाव बाळाजी ठेवले, ते आपल्या वडिलांचे, बाळाजी विश्वनाथांचे. आजोबांचे नाव नातवाला देण्याची ही चाल आपल्याकडे शेकडो घरांत चालत आली. तिला हसणाऱ्यांनी जरा थांबावे. ज्या घरात आजोबांची तसबीरसुद्धा नाही, त्या घरात नावानेच त्यांना भिंतीवर टांगून ठेवलेले असते.

पण परंपरेचा हा एकच चेहरा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक असावे, आणि शूद्राचे? ते निंदावाचक असावे, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे जन्मून दहा दिवस झालेल्या मुलाला त्याची समाजातली पायरी कानात सांगून टाकावयाची. नाव हे लाडाचे भूषण असते तसे ते बेडीही होऊ शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतर केले, त्यानंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, संघमित्रा, सुजाता, प्रज्ञा अशी नावे उमलू लागली, तेव्हा ती नुसती नावीन्याची हौस नव्हती. त्या नावांनी मान वर करून उभे राहावयाचे होते. आजी जनी आणि नात प्रज्ञा, यांच्यामध्ये एका समाजाचा इतिहास उभा आहे. 'नवे नाव म्हणजे थिल्लरपणा' असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

शिवाय आजचे जुने ते एके काळी नवेच होते. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ यांना नवस केला आणि मुलगे झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरागत हकीकत आहे. त्या काळच्या एखाद्या म्हाताऱ्याने 'हे कसले नाव?' म्हणून कपाळाला आठ्या घातल्या असतील, तर आश्चर्य नाही. परंतु पुढे तेच नाव साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या गाद्यांवर पुन्हा पुन्हा आले. दौलतराव, हैबतराव, गुलाबराव, सुलतानजी ही तर आपण अस्सल मराठमोळी नावे मानतो. त्यांतले दौलत, हैबत, गुलाब, सुलतान हे शब्द फारसी-अरबीतून आले आहेत. नाटकांनीही आपल्याला नावे दिली. लता मंगेशकरांचे पाळण्यातले नाव हेमा. गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ते पुढे लता झाले. नाटकातले नाव मुलीला देणे त्या काळी काही जणांना खटकलेही असेल. आज 'लता' या दोन अक्षरांना कोणी नवखे म्हणेल काय?

एवढे ऐकून नव्याचे कैवारी टाळ्या वाजवू लागतील. त्यांनाही थोडे ऐकावे लागेल. अपूर्व नावाची हौस खरी. पण ते अपूर्व नाव शेजारच्या घरीही त्याच महिन्यात सापडते, ही तिची गंमत आहे. 'कुणाचेच नाही असे नाव हवे' म्हणून दोघे रात्र रात्र मोबाईल चाळतात, आणि मूल बालवाडीत गेले की बाईंच्या एका हाकेला त्याच नावाची तीन मुले उठतात. जुन्या काळी गल्लीत चार विनायक असत. आज वर्गात चार विहान असतात. गर्दी तीच, टोप्या बदलल्या. अर्थाची गोष्ट तर आणखी नाजूक. काही नावे कानाला संस्कृत वाटतात, त्यांचा अर्थ 'ईश्वराचा अंश' किंवा 'सूर्याचा किरण' असा कुठेतरी छापलेला असतो, आणि कोशात पाहावे तर तो शब्दच नसतो. निरर्थक नाव ठेवू नये असे आमचे म्हणणे नाही. बबन आणि छबू या नावांचा अर्थ कोण शोधत बसले होते? पण खोटा अर्थ सांगून नाव ठेवू नये. मूल मोठे होते, कोश उघडते, आणि आईबापांनी आपल्याला सांगितलेली पहिली गोष्ट खरी नव्हती असे त्याला दिसते.

तेव्हा जुने चांगले की नवे चांगले, या वादात दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या आणि सारख्याच लटक्या आहेत. मग भांडण इतके पेटते कशाने? आमच्या मते भांडण नावाचे नसतेच. ते नाव ठेवण्याच्या हक्काचे असते, आणि त्या हक्काचा इतिहास पाहिल्यावाचून नवरा-बायकोंना एकमेकांचा राग कळावयाचा नाही.

सूत्रात नाव ठेवणारा बाप. आपल्या बारशात मुलाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगणारी आत्या, म्हणजे बापाची बहीण. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. पाळणा माहेरी टांगलेला, घुगऱ्या माहेरच्या चुलीवर शिजलेल्या, आणि नाव मात्र सासरहून आलेले. आत्याच्या पाठीत धपाटे घालण्याचा मान बायकांना होता; त्यातल्या एखाद्या धपाट्यात बाळंतिणीच्या मनातले बोलून जात असेल, असे आम्हांला वाटते! ज्या स्त्रीने नऊ महिने ओझे वाहिले, तिला विचारावयाची रीत फारशी नव्हती. तिचे स्वतःचे नावही तिच्यापाशी राहिलेले नसे. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने दुसरे नाव लिहिले, की माहेरची काशी सासरी लक्ष्मी होई.

आणि याहून एक चमत्कारिक गोष्ट होती. सुनेने सासऱ्याचे नाव तोंडाने उच्चारावयाचे नाही, असा घरोघर दंडक. मुलाला नाव दिलेले असे आजोबांचे. मग आईने मुलाला हाक कशी मारावी? मुलाचे नाव घेतले की सासऱ्याचे नाव घेतल्यासारखे होई. आपण पोटच्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारू शकत नाही, असे आईचे हे विलक्षण दैव! त्या बायांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी वाट काढली. बापू, भाऊ, नाना, अण्णा, बाळ ही जी नावांची फौज महाराष्ट्रात घरोघर आहे, तिच्यातले पुष्कळ शिपाई या अडचणीतून भरती झाले आहेत. लोकमान्यांचे खरे नाव केशव. बाळ हे घरातले लाडके नाव. आणि जगाने कोणते उचलले? बाळ गंगाधर टिळक. पोथीतले नाव मागे राहिले आणि घरातली हाक इतिहासात गेली.

जुन्या काळी हे भांडण का पेटत नव्हते, त्याचे उत्तर येथे सापडते. बाया सोशीक होत्या हे एक कारण झाले, आणि ते आपण अभिमानाने सांगावे असे नाही. दुसरे कारण असे, की तेव्हा एका मुलाला एकच नाव नसे. धर्मशास्त्राच्या रिवाजाने कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहारासाठी एक, अशी चार नावे होत. त्यात आईची हाक ही पाचवी. आजोळची हाक निराळी असली तर सहावी. एवढ्या नावांत आजोबा मावत, देव मावे, हौस मावे आणि आईचे मनही कोपऱ्यात का होईना, मावे. आता सरकारी कागदावर चौकोन एकच आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पारपत्र, मतदारयादी अशा कामांसाठी जन्माचा दाखला हाच मुख्य आधार झाला आहे. त्या एका चौकोनात जे बसेल ते आयुष्यभर चिकटेल, या धास्तीने दोन्ही घरची माणसे त्याच्याभोवती ठाण मांडून बसतात. पूर्वी जी सहा नावे शेजारी शेजारी नांदत, ती आता एका खुर्चीसाठी झगडतात.

मग करावे काय? व्याख्यात्याने उपदेश करावा ही श्रोत्यांची अपेक्षा असते, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, घाई करू नये. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते हे खरे. पण त्या खबरीत नाव असलेच पाहिजे असे नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने नाव मागाहून घालण्याची सोय ठेवली आहे, आणि नियमांप्रमाणे बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येते. तेव्हा बाराव्या दिवशी पाळण्यापाशी तलवारी उपसण्याचे कारण नाही. मूल चार महिन्यांचे झाले, हसू लागले, की पुष्कळदा तेच आपले नाव सुचविते. मात्र सोय आहे म्हणून तीन वर्षे भांडावे, असा त्या कायद्याचा अर्थ नव्हे.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे, आणि ती विशेषतः बापांनी ऐकावी. आपल्या रिवाजात मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येते, मग बापाचे आडनाव येते. तीन घरांपैकी दोन घरे बापाने आधीच भरलेली असतात. उरलेल्या एका घरातही बापाचा बाप बसवावयाचा असेल, तर निदान नम्रपणे विचारावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असावा. ज्या आईला मुलाच्या नावाने हाक मारावयाची चोरी होती, तिचे नाव आता मुलाच्या नावाला लागून बसले आहे. पिढ्यांचे देणे त्याने फिटले असे आम्ही म्हणत नाही. पण हप्ता सुरू झाला.

तिसरी गोष्ट, नाव कागदावर पाहून ठरवू नये. ते मोठ्याने हाक मारून पाहावे. जिन्यावरून खाली खेळणाऱ्या मुलाला बोलवावयाचे आहे असे समजावे. ते आईच्या तोंडी बसते काय? आजीच्या कवळीत अडकते काय? रागाने मारलेल्या हाकेत ते टिकते काय? आणि दवाखान्यात अनोळखी माणसाने पुकारले तर मूल ओशाळणार नाही ना? आपले असून दुसऱ्यांनीच अधिक वापरावयाचे ते काय, असे एक कोडे मुले घालतात. त्याचे उत्तर आईबापांनी पाठ करून ठेवावे.

चौथी गोष्ट, पूर्वजांचे ऋण फेडावयाचे असेल तर ते मुलाच्या माथी मारू नये. आजोबांचे नाव दिले तर आजोबांच्या गोष्टीही द्याव्यात, म्हणजे नाव ओझे होत नाही. आणि कागदावर नवे नाव आले, तर घरात आजीने तिला हवे त्या नावाने खुशाल हाक मारावी. ती सहा नावांची जुनी चाल कायद्याने बंद केलेली नाही. दोन हाकांना 'ओ' देणारे मूल गोंधळत नाही. आपल्यावर प्रेम करणारी माणसे दोन बाजूंना आहेत, एवढेच त्याला कळते.

शेवटी ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याच्याबद्दल बोलावयाचे राहिले. या वादात दोन पक्ष बोलतात आणि तिसरा पाळण्यात असतो. त्या तिसऱ्याच्या बाजूने एक घटना सांगतो. सातारा जिल्ह्यात 'नकोशी' या नावाच्या मुली होत्या. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून नकोशी. हेही नाव आईबापांनी आणि आप्तांनीच ठेवलेले, आणि तेही रूढीला धरूनच होते. शाळेच्या हजेरीत रोज त्या मुलीने 'हजर' म्हणावयाचे ते या नावाला. २०११ साली साताऱ्यात सरकारी समारंभ करून अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे बदलण्यात आली, आणि त्यांना नवी नावे मिळाल्याचे दाखले देण्यात आले. त्या मुलींना आपल्याला अनोखे नाव मिळते की परंपरेचे, याची फिकीर असेल असे वाटत नाही. हाक ऐकून आपण हवेसे आहोत असे वाटावे, एवढीच त्यांची मागणी होती.

नाव जुने ठेवा, नवे ठेवा. देवाचे ठेवा, फुलाचे ठेवा. ते हाकारताना दोघांचेही तोंड गोड झाले पाहिजे, इतके पुरे. ज्या नावावर आईबापांचे भांडण वाळलेले आहे, ते नाव कितीही सुंदर असो, मुलाला आपल्या प्रत्येक हाकेत ते भांडण ऐकू येते. आणि ज्या नावावर दोघे मनापासून एक झाले, ते धोंडू असले तरी त्याला धार येत नाही.